शब्दचर्चा: सत्ता, कारभार की राखण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीहून विचारणा

सप्टेंबरात आमच्या मंडळीसाठी चार पानांचे एक पत्रक काढायचे आहे. विषय आहे ख्रिस्ती नीतिविचार आणि निसर्गाविषयीची जबाबदारी. कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख पहिले दिमित्रिओस यांनी १९८९ साली १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवून दिला, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिकांसाठीही स्वीकारला, आणि आता निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या त्या दिवसापासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्मृतिदिनापर्यंत, हा काळ पाळतात. या विषयावरच्या इंग्रजी साहित्यात ‘स्ट्यूअर्डशिप’ (दुसऱ्याने सोपवलेल्याचा सांभाळ) हा शब्द पानोपानी भेटतो. आमच्याकडे त्याला ‘कारभारीपण’ म्हणतात, काही जण ‘विश्वस्तपणा’ सुचवतात, आणि ‘पर्यावरण संवर्धन’ हा सरकारी वळणाचा शब्द तर हाताशी आहेच. यांपैकी कोणता शब्द मराठी वाचकाच्या मनात योग्य अर्थ उभा करील?

दुसरी अडचण मोठी आहे. बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला पृथ्वी ‘सत्तेखाली आणा’ आणि प्राण्यांवर ‘सत्ता चालवा’ असे सांगितले आहे. ‘सत्ता’ या शब्दाला आज जो वास येतो तो मूळ शब्दालाही आहे का, की हा भाषांतराचा दोष आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नागाळा पार्कहून उत्तर

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तेथे मराठी भाषांतरकारांवर उगाच आळ येतो. ‘सत्तेखाली आणा’ या ठिकाणी मूळ हिब्रूत ‘काबश’ हा धातू आहे आणि तो मऊ मुळीच नाही. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात मुक्त केलेल्या दासदासींना धन्यांनी पुन्हा गुलामीत ओढले, तेथे हेच क्रियापद आहे. यहोशवाच्या अठराव्या अध्यायात जिंकलेल्या देशाविषयीही तेच येते. ‘सत्ता चालवा’ येथे ‘रादा’ आहे, आणि तो राजाच्या अधिकाराचा शब्द आहे. तेव्हा भाषांतर बरोबर आहे. खटकतो तो मूळ शब्दच, आणि पत्रकात त्याला ‘प्रेमाने सांभाळा’ वगैरे रूप देऊन वाचकाची दिशाभूल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधली, त्यामागे मनुष्याच्या या वर्चस्वाचाच मुद्दा होता. त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या फ्रान्सिस यांना पर्यावरणतज्ज्ञांचे आश्रयदाते संत मानावे असे सुचवले, आणि १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तशी घोषणाही केली. पण लोकांना लेखाचा पहिला भाग तेवढा आठवतो.

मात्र ‘रादा’ची सत्ता बेबंद नाही, हे त्याच ग्रंथात ठिकठिकाणी सांगितलेले आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात चाकर झालेल्या भावावर कठोरपणे ‘रादा’ करू नये अशी आज्ञा आहे. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांची खरडपट्टी निघते, ती त्यांनी दुबळ्या मेंढरांना बळ दिले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, उलट बळजबरीने व क्रूरपणे ‘रादा’ केले म्हणून. बहात्तराव्या स्तोत्रात समुद्रापासून समुद्रापर्यंत ‘रादा’ करणारा राजा दीनांचा कैवार घेतो. म्हणजे सत्ता कशी चालवली यावर सत्ताधाऱ्याचा न्याय होतो. शिवाय उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, सत्तेच्या वाक्यानंतर लगेच, मनुष्याला अन्न म्हणून बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळे दिली आहेत व हिरवा पाला जनावरांना दिला आहे. मांसाची मुभा नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर मिळते. ज्या राजाला प्रजा मारून खाण्याचीही परवानगी नाही, त्याची ही सत्ता आहे.

आता पहिला प्रश्न. ‘कारभारी’ हा शब्द मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रतिष्ठित आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात धन्याची मालमत्ता उधळल्याचा आरोप झालेल्या माणसाकडून कारभाराचा हिशेब मागितला जातो, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात देवाच्या कृपेचे ‘चांगले कारभारी’ होण्यास सांगितले आहे. ग्रीकमधला ‘ओइकोनोमोस’ म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. त्यातल्या ‘ओइकोस’पासूनच हेकेल यांनी १८६६ साली ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला. हिशेब द्यावा लागतो ही जाणीव ‘कारभारी’ या शब्दात आहे, आणि ते त्याचे बळ आहे.

परंतु कोल्हापुरात हा शब्द वापरताना मी दोनदा विचार करीन. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज आणि त्यांचे कारभारी माधवराव बर्वे यांचे प्रकरण या शहराच्या स्मरणातून पूर्ण गेलेले नाही. बर्वे महाराजांचा छळ करतात अशा ‘केसरी’ व ‘मराठा’ यांतील लिखाणावरून बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुराव्यादाखल पुढे केलेली पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. यावरून बर्वे दोषी ठरत नाहीत, हे उघड आहे. पण धनी असहाय आणि कारभारी समर्थ असला की लोकांच्या मनात कोणता संशय उभा राहतो, ते त्या प्रकरणात दिसते. आजच्या बातम्यांत महापालिकेतील ‘कारभारी’ हा शब्द कोणत्या सुरात येतो, ते मी येथे लिहीत नाही. खेड्यात नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात ही अडचण त्या मानाने निरुपद्रवी आहे.

माझा कौल ‘राखण’ या शब्दाला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत मनुष्याला एदेन बागेची ‘मशागत व राखण’ करण्यास ठेवले, असे मराठी शास्त्रात आहे. मूळ शब्द ‘आबद’ आणि ‘शामर’. ‘आबद’ म्हणजे राबणे, सेवा करणे, आणि देवाची उपासना करणेही. ‘मशागत’ हा अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट या शब्दाचा मराठी अवतार असल्यामुळे राबण्याचा अर्थ त्यात आपोआप उतरला. उपासनेचा तेवढा सुटला, त्याला इलाज नाही. ‘शामर’ची गोष्ट याहून सरस आहे. चौथ्या अध्यायात भावाचा खून केलेला काइन देवाला विचारतो की मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, तेथेही ‘शामर’च आहे, आणि मराठीत ‘राखण’ व ‘राखणदार’ हे नाते कानाला लगेच कळते. त्याच प्रसंगात भावाचे रक्त भूमीतून ओरडते आणि भूमी काइनाला यापुढे आपले सत्त्व देणार नाही असे सांगितले जाते. भावाची राखण आणि भुईची राखण यांची अशी गाठ तिथे घातलेली आहे, आणि गरिबांचा आक्रोश व पृथ्वीचा आक्रोश एकत्रच ऐकावा, हे पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातले सूत्र याच गाठीवर उभे आहे.

ताराबाई पार्कहून

‘विश्वस्त’ या शब्दामागे गांधीजींचा विचार आहे, त्यामुळे तो तुच्छ लेखण्यासारखा नाही. तरीही विश्वस्त म्हटले की ट्रस्ट, घटना आणि लाभार्थी हे ओघाने येतात, आणि सृष्टीच्या बाबतीत लाभार्थी कोण असे विचारले की उत्तर बहुधा ‘पुढच्या पिढ्या’ असे मिळते, म्हणजे फिरून माणूसच. संवर्धनात ‘वृध्’ म्हणजे वाढणे आहे, आणि जतन करणे व वाढवणे या भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे तर संवर्धन आणि सुशोभीकरण यांतला भेदही फारसा उरलेला नाही.

शिरोळहून

मी शेती करतो, त्यामुळे शेतीच्या शब्दांपुरते बोलतो. राखण करणारा मालक असलाच पाहिजे असे नाही, हे वर सुटले आहे. दुसऱ्याची गुरे राखण्याच्या कामाला आणि त्याच्या मोबदल्यालाही राखोळी म्हणतात, आणि राखोळीला दिलेले जनावर परत करायचे असते हे दोघांनाही ठाऊक असते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे, असे म्हटले आहे. जुन्या मराठी जमीनव्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते; पहिल्याला वंशपरंपरेचा हक्क, दुसरा बाहेरून येऊन कसणारा. त्या जोडीत सांगायचे तर या वचनाने माणसाला पृथ्वीवर उपरी ठरवले आहे, मग सातबारावर नाव कोणाचेही असो. आमच्याकडच्या माणसाला हे एका शब्दात कळेल.

त्याच अध्यायात सातव्या वर्षी जमीन पड ठेवण्याची आज्ञा आहे. आमच्या भागात लागण, खोडवा आणि जमल्यास निडवा असे उसाचे चक्र थांबत नाही आणि पाणी सोडायचे ते सोडतच राहतो, त्यामुळे शिरोळ तालुक्यात क्षारपड (क्षार साठून नापीक झालेल्या) जमिनी मोठ्या प्रमाणावर झाल्या आहेत. ‘पड’ हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. एक पड आपण होऊन टाकलेली, दुसरी जमिनीने आपल्यावर टाकलेली. लेवीयच्या सव्विसाव्या अध्यायात म्हटले आहे की लोकांनी जमिनीला तिचे शब्बाथ (विसाव्याची वर्षे) दिले नाहीत तर ते परागंदा झाल्यावर ती ओस पडून आपला विसावा घेईल. या वचनावर आमच्याकडे निरूपण करायला फार विद्वत्ता लागणार नाही. आणि पंचगंगेतले केंदाळ नरसोबाच्या वाडीपर्यंत वाहत येते, तेव्हा वरच्या गावांनी नदीची राखण केली नाही हे खालच्या गावांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. पत्रकात जलपर्णी लिहा किंवा केंदाळ, पण हा विषय ठेवा.

आजऱ्याहून

‘राखण’ या शब्दावर माझा गंभीर आक्षेप आहे. आमच्या भागात राखण म्हणजे रात्री शेतात माळ्यावर बसून रानडुकरे, गवे आणि कर्नाटकातून आलेले हत्ती यांच्यापासून पीक वाचवणे, आणि जोंधळ्याच्या दिवसांत गोफण घेऊन पाखरे हाकणे. म्हणजे राखण नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध असते, आणि बहुतेक वेळा ज्या प्राण्यांची काळजी घ्यावी असे आपण सांगू पाहता, त्यांच्याच विरुद्ध असते. हा शब्द घेतला तर आमचा वाचक मनात गोफण घेऊनच पत्रक वाचेल.

नागाळा पार्कहून पुन्हा

आक्षेप रास्त आहे आणि तो मूळ शब्दालाही लागू पडतो. ‘शामर’ पहारा देण्यासाठीही वापरतात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी मनुष्याला बागेबाहेर घालवल्यावर जीवनाच्या झाडाकडे जाणाऱ्या वाटेवर करूबांना, म्हणजे स्वर्गीय जीवांना, राखणीस ठेवले, तेथे हेच क्रियापद आहे. ज्याला राखणदार नेमले होते त्याच्यापासूनच आता राखण करावी लागली, हा त्या कथेचा अर्थ मला तरी टाळता येत नाही. राखण विरुद्ध असते हे कबूल. पण ती कोणाविरुद्ध, याचे उत्तर त्या कथेत गवा किंवा हत्ती असे नाही.

मराठीत ‘राखणे’ला दुसरी बाजूही आहे. गुराखी गुरे राखतो, मेंढका मेंढरे राखतो; तेथे तो ज्यांना राखतो त्यांच्यामागून चालतो. ‘राखणे’ हे ‘रक्ष्’ धातूपासूनच आलेले असल्याने, एकशे एकविसाव्या स्तोत्रात देव माणसाचा जो ‘शामर’ करतो, तोही याच कुळातला आहे. आणि निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षाच्या पडीक शेतात जे उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरलेले रानातल्या पशूंनी खावे, असे सांगितले आहे. म्हणजे निदान त्या वर्षी तरी माळा आणि गोफण दोन्ही खाली ठेवायची. सहा वर्षे आपल्या पिकाची राखण करण्यास कोणी मनाई केलेली नाही. आजऱ्याच्या शेतकऱ्याने नुकसान मुकाट सोसावे असा उपदेश शहरात बसून कोणी करू नये, आणि पत्रकानेही करू नये.

राजारामपुरीहून

सर्वांचा आभारी आहे. पत्रकाचे शीर्षक ‘सृष्टीची मशागत व राखण’ असे ठेवीन. ‘सत्ता चालवा’ हे शब्द जसेच्या तसे देऊन खाली यहेज्केलमधील मेंढपाळांचा उतारा छापीन. ‘कारभारी’ फक्त लूकच्या दाखल्यापुरता राहील, आणि ‘उपरी’ला स्वतंत्र परिच्छेद देईन. राखणीच्या दोन्ही बाजू, आजऱ्याच्या आक्षेपासह, दुसऱ्या पानावर घेतो.

गडहिंग्लजहून

शीर्षकात एक दुरुस्ती सुचवतो. मशागत बागेची किंवा रानाची होते, सृष्टीची होत नाही. शास्त्रातही ती एदेन बागेचीच आहे. दाजीपूरच्या जंगलाला नांगर आणि कुळव लागत नाही, आणि ‘सृष्टीची मशागत’ वाचून कोणी तेथे झाडे लावण्याचा कार्यक्रम आखू नये. ‘बागेची मशागत, सृष्टीची राखण’ असे केल्यास दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतील, आणि शीर्षक दोन ओळींत बसवता येईल.