केटामाइन इन्फ्युजन: डोस किती, काळजी काय?

प्रश्न: दोन अँटीडिप्रेसंट पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटलं नाही तर केटामाइन हे भुलीचं औषध सुचवतात. नेमकं कसं देतात? आधीच्या गोळ्या बंद करायच्या का?

निशिगंध: शिरेतून, किलोमागे ०.५ मिग्रॅ, ४० मिनिटांत हळूहळू. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिग्रॅ. भुलीच्या डोसपेक्षा बरंच कमी. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, असे तीन आठवडे. गोळ्या सहसा चालूच राहतात. मात्र लोराझेपाम, क्लोनाझेपाम या चिंतेवरच्या, झोपेच्या गोळ्यांनी केटामाइनचा परिणाम बोथट होऊ शकतो. त्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा, एकदम सोडू नका.

रानवाट: रक्तदाब चढतो, म्हणून आधी, मधे आणि नंतर मोजलाच पाहिजे. शरीरापासून सुटल्यासारखं वाटतं, आवाज लांबून येतात. साधारण दोन तासांत ओसरतं. खोली शांत, दिवे मंद हवेत. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच. सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार), आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) असेल तर हा मार्ग नको.

निशिगंध: खरी अडचण पुढे येते. फरक काही तासांत दिसतो, पण एका डोसचा परिणाम बहुधा आठवडाभरात उतरतो. पुढचं काही ठरलेलं नसेल तर माणूस पुन्हा खचतो, आणि तेव्हाच आत्महत्येच्या विचारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. घरी स्वतःहून घेणं तर अजिबात नको: सवय लागते, वारंवार वापराने मूत्राशयाला इजा होते.

चाफा: नाकातला स्प्रे एस्केटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाचा, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला. तोही दवाखान्यातच, नंतर किमान दोन तास देखरेखीखाली. मळमळ होते, म्हणून आधी दोन तास खायचं नाही.