नामिबियातील पहिली प्लेन्स गेम शिकार : फार्मची निवड, रायफल आणि खर्च यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढील वर्षी जून-जुलैच्या सुमारास नामिबियात प्लेन्स गेम, म्हणजे माळरानावरील हरणांच्या शिकारीसाठी जाण्याचा विचार आहे. सिंह, बिबट्या, हत्ती यांच्याशी या सहलीचा काहीही संबंध नाही. मी अमेरिकेचा नागरिक असून टेक्सासमध्ये राहतो आणि येथील परवान्यावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची व दक्षिण टेक्सासमध्ये नीलगायीची शिकार करतो. (नीलगायीचे नाव वाचून दचकू नये; १९३० च्या आसपास किंग रँचवर सोडलेल्या जनावरांची ही प्रजा आता तेथे भरपूर झाली आहे.) भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाल्यामुळे आपल्या माणसांत या विषयाची माहिती असणारे फार थोडे भेटतात, आणि इतरत्र विचारावे तर प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या आयोजकाचीच भलामण करतो. शिकार करावी की करू नये हा प्रश्न गंभीर आहे, परंतु त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

मला हरणवर्गातील तीनच जनावरे हवी आहेत: पिळदार शिंगांचा मोठा कुडू, लांब सरळ शिंगांचा जेम्सबॉक आणि जमल्यास लहानखुरा स्प्रिंगबॉक. ज्या आयोजकांकडे चौकशी केली त्यांपैकी बहुतेकांनी पाच दिवसांत सात जनावरांचे ठोक दर पाठवले, आणि त्या यादीकडे पाहून लग्नाच्या केटररचे मेनूकार्ड आठवले. मला पहाटे पायी निघून माग काढत जायचे आहे; दिवस रिकामा गेला तरी तक्रार नाही. गाडीतून फिरत जनावर दिसले की उतरून बार टाकायचा, किंवा पाणवठ्यावरच्या आडोशात दिवसभर बसून राहायचे, या दोन्ही पद्धती मला नकोत. आयोजकाला हे स्पष्ट सांगितले तर तो ते पाळतो का, की तेथे गेल्यावर ‘वेळ कमी आहे’ म्हणून गाडीच पुढे येते?

दक्षिण आफ्रिकेचा विचार मी जवळजवळ सोडून दिला आहे. तेथील ईस्टर्न केप आणि लिंपोपो या प्रांतांत दर कमी आहेत आणि जनावरांचे प्रकारही अधिक आहेत; परंतु उंच कुंपणाआड लिलावातून आणलेली जनावरे पाहुणा येण्याच्या आधी सोडली जातात, असे वारंवार वाचनात आले. सगळेच आयोजक असे करतात असे मी म्हणत नाही, पण कोण करतो आणि कोण करत नाही हे टेक्सासमध्ये बसून ओळखण्याचा मार्ग मला दिसत नाही. नामिबियातही १९७५ च्या निसर्ग संरक्षण अध्यादेशानुसार कुंपण घातलेल्या जमिनीवरील बहुतेक शिकारयोग्य जनावरांची मालकी फार्मरकडेच असते, म्हणजे तत्त्वतः फार फरक नाही. मग तेथील फार्म निवडताना नेमके काय विचारावे?

दुसरा प्रश्न रायफलीचा. माझ्याकडे थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६ काडतुसाची रायफल) आहे आणि तिच्यावर माझा हात बसलेला आहे. कुडू आणि जेम्सबॉक यांच्यासाठी नामिबियाच्या नियमांत किमान २,७०० जूल ऊर्जेची अट आहे, ती ही रायफल सहज पूर्ण करते. गोळी १८० ग्रेन वजनाची, गाभा कवचाशी जोडलेली वापरण्याचा विचार आहे. प्रश्न इतकाच, की रायफल सोबत न्यावी की तेथे भाड्याने घ्यावी? जोहान्सबर्गमार्गे गेल्यास दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांची कागदपत्रे आणि सामान अडकण्याची भीती. फ्रँकफर्टहून नामिबियाची राजधानी विंडहुकला थेट विमान आहे, पण तिकीट महाग पडते.

तिसरा प्रश्न खर्चाचा. दिवसाचा दर आणि प्रत्येक जनावराचे शुल्क हे दोन आकडे सगळे देतात, परंतु त्यापुढचे कोणी बोलत नाही. शिंगे आणि कातडी साफ करून, बांधून अमेरिकेत पाठवण्याचा खर्च कधी कधी जनावराच्या शुल्काइतकाच होतो, असे ऐकतो. मला भिंतीवर भरलेले मुंडके नको आहे. कुडूची उकळून साफ केलेली कवटी आणि शिंगे पुरेशी आहेत.

जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

नमस्कार. मी बरीच वर्षे विंडहुकमध्ये नोकरीनिमित्त राहत आहे. स्वतः क्वचितच बार टाकतो, पण मित्रांच्या फार्मवर माग काढणाऱ्यांच्या मागोमाग पुष्कळ चाललो आहे.

फार्मविषयी पहिला प्रश्न कुंपणाच्या उंचीचा विचारा. गुरांसाठीचे साधे, कमरेएवढे कुंपण असेल तर कुडू ते उभ्या उभ्या ओलांडतो आणि जेम्सबॉक तारेखालून सरपटत निघून जातो, म्हणजे तेथील जनावर खरोखरच ये-जा करणारे असते. तारेच्या खालच्या बाजूला घासून गुळगुळीत झालेली माती आणि तारेला अडकलेले राखाडी केस दिसले, की समजावे येथून जेम्सबॉक जातात. दुसरा प्रश्न मार्गदर्शकाच्या परवान्याचा. येथे ‘हंटिंग गाइड’ला केवळ आपल्या नोंदणीकृत फार्मवर शिकार करवता येते, ‘मास्टर हंटिंग गाइड’ला त्याशिवाय आणखी दोन फार्मवर, आणि ‘प्रोफेशनल हंटर’ला मालकाच्या संमतीने कोणत्याही फार्मवर. तुमच्या हेतूसाठी स्वतःच्याच जमिनीवर राहणारा, वडिलांपासून तेच फार्म चालवणारा साधा हंटिंग गाइड मला अधिक योग्य वाटतो. त्याला पुढच्या वर्षीही त्याच कळपासोबत राहायचे असते. १९७४ पासून काम करणाऱ्या येथील व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेचा तो सदस्य आहे का, हेही पाहा. शिकारीचा परवाना तुमच्या नावाने येथील पर्यावरण मंत्रालयाकडून आधीच काढावा लागतो. तो आयोजक काढतो, परंतु येथे येण्यापूर्वीच त्याची प्रत मागून घ्या.

जून-जुलै ही निवड चांगली आहे. हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा असला तरी हिवाळ्यात गवत सुकलेले आणि झुडपांची पाने झडलेली असतात, त्यामुळे दूरवर दिसते. पहाटे मात्र बोटे बधिर होतात. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असे समजून केवळ सुती कपडे आणणाऱ्यांना मी माझी जाकिटे दिलेली आहेत.

आता नेमाविषयी, कारण टेक्सासमधून येणाऱ्यांची अडचण बहुधा येथेच होते. तुम्हाला हरणाच्या खांद्यामागे गोळी टाकण्याची सवय असेल. येथील जनावरांचे हृदय आणि फुप्फुसे अधिक पुढे आणि अधिक खाली, जवळजवळ दोन्ही खांद्यांच्या मध्ये असतात. जनावर बाजूने उभे असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर जाऊन छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर थांबावे. जेम्सबॉकच्या खांद्यावर उंचवटा असल्याने शरीर प्रत्यक्षापेक्षा उंच भासते आणि नवखा माणूस वर मारतो. मग ते जनावर पडते, उठते आणि मैलोन्‌मैल चालत राहते. जखमी जेम्सबॉकजवळ समोरून कधीही जाऊ नका, त्याची शिंगे केवळ शोभेची नाहीत. मादीची शिंगे बहुधा नरापेक्षा लांब, पण बारीक असतात, म्हणून कोणते जनावर हवे ते आधी ठरवा.

रक्ताचा थेंब दिसला की जनावर सापडो वा न सापडो, शुल्क द्यावे लागते. हा नियम मला योग्यच वाटतो, परंतु तो करारात लिहिलेला असावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. मी कोलोरॅडोहून दोनदा तेथे गेलो आहे, म्हणून केवळ कागदपत्रांविषयी लिहितो.

रायफल नेणार असाल तर निघण्यापूर्वी अमेरिकी कस्टम्सकडून ४४५७ क्रमांकाचा फॉर्म रायफल दाखवून शिक्का मारून घ्या; विंडहुकच्या होसेआ कुटाको विमानतळावर तात्पुरता आयात परवाना काढताना मालकीचा पुरावा म्हणून तोच दाखवता येतो. पिस्तूल मात्र शिकारीसाठी तेथे चालत नाही. बहुतेक विमान कंपन्या काडतुसे पाच किलोपर्यंतच नेऊ देतात. जोहान्सबर्गला मुक्काम करायचा असेल तर तेथील पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज लागतो, म्हणून मी फ्रँकफर्टचे महाग तिकीट पसंत करतो. १ एप्रिल २०२५ पासून अमेरिकी पासपोर्टवरही नामिबियाचा व्हिसा लागतो, तो ऑनलाइन मिळतो.

कवटी आणि शिंगे परत येताना अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सेवेचा ३-१७७ हा जाहीरनामा भरावा लागतो. ह्यूस्टन आणि डॅलस ही दोन्ही त्यासाठीची नेमलेली बंदरे असल्याने तुमची सोय आहे. माल समुद्रमार्गे यायला अनेक महिने लागतात. कुडू, जेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक सीआयटीईएसच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत नाहीत, त्यामुळे ते सोपे जाते. ऐनवेळी कोणी हार्टमनचा डोंगरी झेब्रा सुचवला तर तो त्या यादीच्या परिशिष्ट २ मध्ये आहे आणि त्यासाठी निर्यात परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे. वॉर्टहॉग या आफ्रिकी रानडुकराच्या बाबतीत डुकरांच्या तापामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम कडक आहेत, मीही तो मोह टाळला.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुंपणाच्या उंचीचा प्रश्न मी तीन आयोजकांना पाठवला. एकाने लगेच फार्मचा नकाशा पाठवून कोणत्या बाजूला कोणते कुंपण आहे ते सांगितले, दुसऱ्याने ‘तुम्हाला जनावर मिळण्याची हमी आहे’ एवढेच कळवले आणि तिसऱ्याचे उत्तर यायचे आहे. पहिल्याशीच पुढे बोलत आहे. रायफल सोबत नेणार, आणि तोवर रायफल टेकवण्याच्या तिपाई काठ्यांवरून दोनशे मीटरपर्यंतचा सराव करणार. बाकावरून मारण्याची सवय तेथे उपयोगाची नाही, हे इतरत्र वाचून कळले.

एक प्रश्न उरतो. मांस अमेरिकेत आणता येत नाही, ते फार्मच्या स्वयंपाकघरात आणि कामगारांकडे जाते, असे त्या पहिल्या आयोजकाने लिहिले आहे. निदान पहिल्या जनावराची कलेजी आणि थोडे बिलटाँग (मसाला लावून वाळवलेले मांस) तेथेच खाता यावे, आणि माग काढणाऱ्यांना त्यांचा वाटा माझ्यासमोर मिळावा, अशी इच्छा आहे. हे आधी पत्रात लिहावे, की तेथे गेल्यावर मालकाशी बोलणे अधिक शोभेल? विंडहुककर, आपले मत कळवावे.