पोर्शेची मागची काच: अहमदाबादला न्यायची की बडोद्यातच बसवायची?

मकरपुरा_९११
रविवारी सकाळी सोसायटीत मशिनने गवत कापणं चालू होतं. पात्याखालचा खडा उडाला आणि माझ्या पोर्शे ९११ची मागची काच गेली. मी जिना उतरून खाली येईपर्यंत सगळी काच खडीसाखरेसारखी मागच्या सीटवर आणि इंजिनच्या झाकणावर पसरली होती. गाडी २००९ची, ९९७ पिढीतली कूपे, म्हणजे पक्क्या छताची. सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि घरातल्या माणसासारखी जपली आहे.

सगळे सांगतात, अहमदाबादच्या अधिकृत केंद्रात नेऊन टाक. मला ते पटत नाही. काच अस्सल घ्यावी, त्यांच्याच काउंटरवरून मागवावी, पण बसवून बडोद्यात घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मागची काच बदलणं हे पोर्शेचं काम नाही, काचेचं काम आहे. जुना गम कापायचा, कडा साफ करायच्या, गम नीट धरावा म्हणून प्रायमर, नवा गम, मग काच सरळ ठेवायची. रोज चार गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याचा हात एकीकडे, आणि जिथे ९११ची मागची काच क्वचित कधीतरी येते तिथला हात दुसरीकडे. मी पहिला निवडीन. भावाच्या गाडीच्या वेळी (कंपनी वेगळी, शहरही वेगळं) शोरूमने पावती स्वतःची फाडली आणि काच बसवायला बाहेरचाच कारागीर बोलावला. मग तो कारागीर मीच का शोधू नये?

दांडियाबाजारकर
दादा, वाचून वाईट वाटलं. पण एक गोष्ट तुमच्या हिशेबातून सुटते आहे. काच एकाची आणि मजुरी दुसऱ्याची झाली, की उद्या पावसात पाणी आत आल्यावर काचवाला म्हणणार काचेचा बाक बरोबर नव्हता. काउंटरवाले म्हणणार काच तुम्ही बाहेर बसवलीत, आता आमच्याकडे येऊ नका. मध्ये तुम्ही. अधिकृत केंद्रात जे जास्त पैसे जातात ते गमाचे नसतात. तक्रार घेऊन एकाच दाराशी उभं राहता यावं, याचे असतात. एवढी वर्षं जपलेल्या गाडीसाठी मला ते महाग वाटत नाहीत.

आणि ९११च्या मागच्या काचेतही प्रकार आहेत. वायपरवाल्या गाडीची वेगळी, बिनवायपरची वेगळी.

मकरपुरा_९११
चॅसी नंबर देऊनच मागवणार आहे, त्यामुळे प्रकार चुकायची भीती नाही. बाकी एका दाराचा मुद्दा खरा आहे. पण त्या दारापर्यंत गाडी न्यायची कशी? एक्सप्रेसवेचाच टप्पा ९३ किलोमीटरचा, त्यात ऑगस्टचा पाऊस, आणि मागे काचेच्या जागी प्लास्टिक.

काच_गोरवा
मी गाड्यांच्या काचा बसवतो, २२ वर्षं झाली. मूळचा धुळ्याचा, आता बडोद्याचाच. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं वाचलं, पण पहिली गोष्ट कोणीच विचारली नाही. काका, काच फुटल्यानंतर गाडी चालू केलीत का?

केली नसेल तर करू नका. तुमच्या गाडीत इंजिन मागे आहे आणि त्याच्या झाकणाला काचेच्या अगदी खाली हवेची जाळी आहे. काचेचे दाणे त्या जाळीतून आत गेलेले असणार. झाकण उघडून, टॉर्च लावून, व्हॅक्यूमच्या बारीक नळीने पंखे, एअर फिल्टरच्या डब्याची आजूबाजू, पट्ट्यांच्या खोबणी, सगळं काढून घ्या. दाणा पट्ट्यात अडकला तर पट्टा जाईल. हवेचा प्रेशर मारू नका, दाणे आणखी खोल जातात. साध्या गाडीत मागची काच फुटली की डिकी झाडली आणि काम झालं. इथे तसं नाही, आणि स्थानिक काचवाल्यांपैकी अनेकांना हे सुचणार नाही, हे मी स्वतः काचवाला असून सांगतो.

आता कामाचं. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली. तिला छोटा टवका गेला तर भरता येतो. तुमची मागची टफन काच. ती ६०० अंशांच्या वर तापवून एकदम हवेच्या झोताने थंड केलेली असते, म्हणून फुटली की पूर्ण फुटते. तिला नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून बसवता येत नाही. म्हणजे काच तंतोतंत हवी. अस्सल काच घ्यायचं काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

जुना गम तारेने किंवा पात्याने कापताना पत्र्यापर्यंत जायचं नाही. जुन्या गमाचा १ ते २ मिलिमीटरचा थर ठेवायचा, नवा गम त्यावरच सगळ्यात चांगला धरतो. रंगाला ओरखडा गेला तर गंज धरू नये म्हणून तिथे प्रायमर, आणि तो वाळायला पूर्ण वेळ. काचेच्या काळ्या पट्टीला वेगळा प्रायमर. आणि सिलिकॉन कधीही नाही. कोणी "सिलिकॉन मारतो, पाणी येणार नाही" म्हणाला तर गाडी तिथून परत आणा. एकदा सिलिकॉन लागलं की पुढच्या वेळी खरा गम त्या जागेवर धरत नाही.

आमच्याकडे सगळेच हे पाळतात असं मी म्हणणार नाही. घाईत पत्र्यापर्यंत कापणारे खूप आहेत.

दांडियाबाजारकर
भाऊ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हे सगळं पाळणारा माणूस ग्राहकाने ओळखायचा कसा?

काच_गोरवा
विचारून. गमाची नळी कुठल्या कंपनीची, तिच्यावर मुदत किती, गाडी किती तासांनी चालवायची? "लगेच न्या" म्हणाला तर नको. काच बसवायच्या आधी डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) तारा मीटर लावून तपासतो का, तेही विचारा. बसवल्यावर तार तुटलेली सापडली तर ती काउंटरवर तुटलेली आली की आमच्या हाताने तुटली, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि दादा, हेच प्रश्न अधिकृत केंद्रातही विचारायचे. कागद त्यांचा असला तरी काच कोणाच्या तरी हातानेच बसते.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या विरुद्ध आहे. गिऱ्हाइकाने आणलेली काच बसवताना तडकली तर भरपाई कोणी करायची, हे मी आधी लिहून घेतो. साध्या गाडीची काच मी माझ्या खिशातून देईन. ९११ची देऊ शकत नाही. हे न लिहिता जो हो म्हणेल, त्याच्यापासून जपा.

वासणा_रोड_बॉक्सस्टर
माझी गाडी पोर्शेचीच, २००४ची बॉक्सस्टर, कापडी छताची. जुन्या बॉक्सस्टरना मागे प्लास्टिकची खिडकी असायची, घडी पडून पडून ती पिवळी व्हायची. २००३च्या मॉडेलपासून काच आली. माझ्या छताला ती काच जिथे धरलेली असते तिथली कड एका कोपऱ्यात सुटली. मी जवळच्याच एका सीट कव्हरवाल्याकडून चिकटवून घेतली. गावातला माणूस, ओळखीचा, चांगला. दिसायला काम सुरेख झालं होतं.

पुढच्या पावसाळ्यात गालिचा ओला. या गाडीत सीटखाली इमोबिलायझरचं, म्हणजे किल्ली ओळखून गाडी चालू होऊ देणारं, युनिट असतं. तिथे पाणी साचलं आणि एका सकाळी गाडीने किल्लीच ओळखली नाही. चिकटवायला जेवढे दिले त्याच्या कैक पट त्या युनिटला गेले. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याला त्या डब्याची माहितीच नव्हती. म्हणून मी दांडियाबाजारकरांच्या बाजूने आहे. काचेची माहिती असणं वेगळं, आणि या गाडीत पाणी कुठे उतरतं ते माहीत असणं वेगळं. काका, तुमची गाडी कूपे आहे, छत पत्र्याचं आहे, तरीही विचार करा.

मकरपुरा_९११
ताई, तुमचा अनुभव मनाला लागला. पण तो सीट कव्हरवाला होता, काचवाला नव्हता. आणि गोरव्याच्या भाऊंनी इंजिनमधल्या दाण्यांचं सांगितलं ते इथे बडोद्यात बसूनच सांगितलं ना? गाडी चालू केली नव्हती, देवाची कृपा. काल दोन तास बसून दाणे काढले. मूठभर निघाले.

कारेलीबाग_जुना_इंजिनीअर
तुम्ही दोघेही जर्मनीहून काच यायची वाट बघणार आणि गाडी आठवडेच्या आठवडे ताडपत्रीखाली. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुट्या केलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. जुनी, पण कंपनीचीच काच. टफन काच वयाने म्हातारी होत नाही. कोपऱ्यातला शिक्का बघायचा, गोलात ई आणि शेजारी १ म्हणजे मंजुरी जर्मनीची, आणि ४३आर म्हणजे काचेचा युरोपीय नियम. हिशेब साधा आहे. पंधरा वर्षांच्या गाडीला नव्या काचेचा आग्रह म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

काच_गोरवा
साहेब, शिक्का खोटा नसतो, पण शिक्का कड दाखवत नाही. टफन काचेचा जीव कडेत असतो. जुन्या गाडीतून काच काढताना पान्याचा किंवा पात्याचा बारीक टवका कडेला गेला, तर बसवताना किंवा नंतर उन्हात ती आपोआप फुटू शकते. जुना गम खरवडताना डिफॉगरच्या तारांनाही मार बसतो. कुर्ल्याची काच मी बसवली आहे, टिकलीही आहे. पण काच मी स्वतः हातात घेऊन चारही कडांवर बोट फिरवलेलं असेल तरच. फोटोवरून नाही.

कारेलीबाग_जुना_इंजिनीअर
मान्य, काच बघायला स्वतः जावं लागेल. पण गंजाची जी भीती तुम्ही घातलीत ती या गाडीला तेवढी लागू नाही. १९७६च्या मॉडेलपासून ९११चा सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा आहे. बारीक ओरखड्याला जस्तच सांभाळून घेतं.

काच_गोरवा
बारीक ओरखड्याला, हो. पात्याने हातभर खरवडलं तर जस्तही जातं. गमाच्या खाली गंज धरला की दोन पावसाळे दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा काच पुन्हा काढावी लागते.

विमा_रावपुरा
मध्ये बोलतो, कारण पैशांचा मुद्दा अर्धवट राहतोय. काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो, गाडी कितीही जुनी असली तरी. रबराच्या पट्टीवर मात्र ५० टक्के कापतात, आणि गम-प्रायमरसारख्या गोष्टी वेगळं कलम घेतलं नसेल तर बहुतेक तुमच्या खिशातून. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला क्लेममधले पहिले २,००० रुपये सक्तीने तुमचे. म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर अहमदाबाद महाग पडतं या बोलण्यातला जोर पुष्कळ कमी होतो.

पण क्लेम घेतला की साध्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो, आणि अशा गाडीच्या हप्त्यात तो मोठा आकडा आहे. दोन्ही रकमा समोरासमोर मांडा, मग ठरवा. कुठेही गेलात तरी काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, नुकसान बघणारा त्यांचा सर्व्हेअर येऊ द्या. काका, दाणे काढण्यापूर्वी फोटो घेतले होते का?

मकरपुरा_९११
घेतले होते, मुलीने. बोनस पूर्ण ५० टक्के आहे. हिशेब आजच मांडतो. जुन्या काचेला काळी फिल्म होती, ती पुन्हा लावावी का?

विमा_रावपुरा
मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर सक्त आदेश दिला होता. गडद फिल्म नकोच.

दांडियाबाजारकर
विम्याचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. खर्चाचा फरक भरून निघत असेल, तर फ्लॅटबेड ट्रकवर गाडी चढवा आणि पाठवा. चालवत मात्र अजिबात नेऊ नका. मागची काच नसताना वेग घेतला की गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूर आत ओढला जातो. तुमच्या गाडीत तर सायलेन्सर तिथेच खाली आहे.

मकरपुरा_९११
दोन दिवस विचार केला, हिशेबही मांडला. बोनस गमावण्यापेक्षा खिशातून करणं मला परवडतं, कारण मजुरी इथली आहे. काच काउंटरवरूनच मागवली. गोरव्याच्या भाऊंशी बोललो, तडकली तर कोणाची जबाबदारी ते कागदावर लिहिलं, सही केली. तारा ते माझ्यासमोर तपासणार. दांडियाबाजारकर, एका दाराचं तुमचं म्हणणं मी खोडू शकलो नाही, ते तसंच राहतं. पण ज्याच्या हातून काम होणार त्याच्या शेजारी उभं राहून ते बघता येणं, हे मला त्या दारापेक्षा मोठं वाटतं.

दांडियाबाजारकर
माझं मत बदललेलं नाही. पण काम झाल्यावर पाण्याची टेस्ट घेतलीच पाहिजे. पाइपचं पाणी आधी खालच्या कडेला, मग बाजूंना, शेवटी वर, आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. आत मी बसेन.

काच_गोरवा
या दादा. पण त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी. हा गम हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो, ऑगस्टात मे महिन्यापेक्षा लवकर धरतो, तरी पाइपचा जोर त्याच्यावर लगेच नको. बसवताना कडा मात्र कोरड्या ठणठणीत हव्यात, म्हणून काम शेडमध्येच होईल. आणि काका, पहिला दिवसभर दरवाजा आपटून लावू नका. तुमच्या गाडीच्या दाराला चौकट नाही, दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते, पण बॅटरी काढलेली असेल तर ती येत नाही. अशा वेळी आतली हवा कोंडून ताज्या गमावरची काच बाहेर ढकलते. एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवूनच बॅटरी काढू.