घरात एकच पोरगं ऑनलाइन, बाकीचे त्याच्या दारात उभे

बेदाणा_तासगाव:
नोकरी सांगलीत, घर तासगाव तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी गावाकडं पोचलो की माझ्यापुढं फोनांची रांग. चुलतीचं लाइटबिल, आईची 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी, शेजारच्या आप्पांचा सातबारा, आण्णांची ई-पीक पाहणी. पीक पाहणीला शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, म्हणजे रविवारची सकाळ बांधावर.

कामाचा कंटाळा नाही. खटकतं ते दुसरंच. आण्णांनी चाळीस वर्षं बेदाण्याचे सौदे बघितले. अडत्यानं पट्टी हातात दिली की उभ्या उभ्या तोंडी हिशेब. हमाली-तोलाईत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी तिथल्या तिथं धरायचे. तोच माणूस आता फोन माझ्यापुढं करतो, "बघ रं, जमा झालंय का." त्यांचा पिन पुतण्याला पाठ आहे, शिवाय चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्ये घातलाय!

गाव ऑनलाइन झालं म्हणतात ते मला पटत नाही. घरटी एक पोरगं ऑनलाइन झालं आणि सगळ्यांचा व्यवहार त्याच्या मुठीत गेला.

विश्रामबागची_काकू:
आधी कोण स्वतंत्र होतं हो? माझ्या सासूबाई बँकेत स्लिप भरून घ्यायला अनोळखी माणसाच्या विनवण्या करायच्या. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडं हेलपाटे, तो गावात असला तर नशीब. तेव्हाही दुसऱ्याच्याच दारात उभं राहायचं, फक्त दार परक्याचं होतं.

मी ६३ वर्षांची. गॅस, लाइटबिल, मिरज-पुणे गाडीचं तिकीट, सगळं माझं मी करते. मुलगा प्रत्येक वेळी "दे इकडं, मी करतो" म्हणायचा. एक दिवस दिला नाही फोन. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. तुम्ही आण्णांच्या हातातून फोन काढून घेता, दुखणं तिथं आहे.

बेदाणा_तासगाव:
काकू, घाव बरोबर बसला. पण विश्रामबागेत रेंज असते. आमच्या मळ्यात ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते.

पेठेतला_दुकानदार:
२०१६ च्या नोटाबंदीनंतर क्यूआर लावला तेव्हा मी वैतागलेलो. आज त्याच्यावाचून अडतं. सुट्ट्यांची भांडणं गेली, चार रुपयांच्या बदल्यात चॉकलेट देणं गेलं. खात्यातून खात्यात आलेल्या पैशाला मला कट बसत नाही. आवाजाचा डबा आल्यापासून तर गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवायला लागत नाही. एकानं कालचाच स्क्रीनशॉट दाखवून पाच किलो साखर नेली होती.

एक मात्र खरं. परवा सत्तरीचे एक बाबा पाचशेची नोट घेऊन आले, तर माझ्याच कामावरचं पोरगं म्हणालं, "सुट्टे नाहीत, स्कॅन करा." गल्ल्यात सुट्टे होते. त्याला उठायचा कंटाळा.

गावभाग_२०१९:
महापुरात आमच्याकडं लाइट गेली, फोन मेले. तेव्हा डब्यातल्या नोटांनीच दूध आणलं. दहा हजार घरात ठेवा आणि मग काय ते ऑनलाइन व्हा.

पेठेतला_दुकानदार:
दादा, धागा कांद्याच्या भावाचा असला तरी तुम्ही पूर आणता. पण मीही ठेवतो, खोटं कशाला बोलू.

मिरजेचा_मेकॅनिक:
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कव्हरमध्ये पिनची चिठ्ठी रोज बघतो, तेवढं आजच काढून टाका. शिवाय आण्णांना एक गोष्ट पाठ करायला लावा: पैसे येताना पिन कधीच लागत नाही. कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणाला की समजायचं, लुटायला बसलाय. त्यातूनही फसलात तर लगेच १९३० ला फोन.

साध्या बटणाच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, २०२२ पासून. माझ्या दुकानात त्याची चौकशी करायला एकही माणूस आलेला नाही, कारण कुणी सांगितलेलंच नाही. २०२४ मध्ये 'यूपीआय सर्कल' आलं. एकाच्या खात्यावरून घरातला दुसरा पैसे देऊ शकतो. पूर्ण मोकळीक दिली तर महिन्याला १५,००० पर्यंत, एका वेळी ५,०००.

बेदाणा_तासगाव:
म्हणजे मी आण्णांना महिन्याला खाऊचे पैसे नेमून द्यायचे? ते फोन विहिरीत टाकतील.

मिरजेचा_मेकॅनिक:
उलटं करा की राव. खातं आण्णांचं, मुख्य माणूस आण्णा. तुम्ही नि पुतण्या त्यांच्या हाताखाली. मोकळीक द्यायची नाही. दर वेळी तुम्ही मागायचं, त्यांच्या फोनवर विचारणा जाईल, त्यांनी पिन टाकला तरच पैसे सुटतील. आधी नवीन पिन मात्र त्यांच्या हातानं घाला, तुम्ही तोंड फिरवून बसा.

विश्रामबागची_काकू:
आणि चुकले तरी "द्या इकडं" म्हणू नका.

बेदाणा_तासगाव:
आत्ता फोनवर आण्णांना समजावून सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे तू उचल मागायची आणि मी मंजूर करायची? ये शनिवारी, बसवून दे."