घरात सगळ्यांनी बघण्यासारखा मारधाडीचा विनोदी सिनेमा सुचवा (कुणाची टर उडवणारा नको)

शहापूरवाली: मे महिन्यात आमच्याकडे बेळगावात सगळी भावंडं जमतात, रात्री गच्चीवर पडदा लावून सिनेमा ठरलेला. आम्ही मराठी. धाकटी जाऊ गोकाककडची, तिच्या माहेरची माणसं कन्नडच बोलतात. आणि एक पुतण्या बोलताना अडखळतो. गेल्या खेपेच्या सिनेमात अडखळत बोलणाऱ्या पात्रावर घडोघडी हशा, पोरगं मधेच उठून खाली गेलं. मारामारी हवीच, नाहीतर पोरं बसत नाहीत. हसूही हवं, पण कुणाच्या बोलण्यावर, रंगावर, जाडीवर नको. आहे का काही?

गल्लीतला_पंच: मिठाशिवाय आमटी मागालात गा ताई. हसायचं कशावर मग?

खानापूरकर: पंच, हसायला लागतंय तेवढं आहे. फक्त ठोसा कुणाच्या हातात आणि हसू कुणाच्या जिवावर, एवढं बघायचं. हिंदीत मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाली. कन्नड सिनेमात उत्तर कर्नाटकाची बोली ऐकू आली की थेटर आधीच हसायला तयार. आपल्या बेळगावी मराठीचं वेगळं काय आहे? पुलंच्या रावसाहेबांवर लोक हसले, पण त्या हसण्यात माया होती. तसं नंतर फार कुणाला जमलं नाही.

ताई, तुमच्यासाठी 'मिन्नल मुरली' (2021). मूळ मल्याळम, नेटफ्लिक्सवर कन्नड आणि हिंदी आवाजातही आहे, म्हणजे जाऊबाईंच्या माहेरचाही प्रश्न मिटला. केरळातल्या खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडते आणि त्याला अचाट ताकद येते. त्याच विजेनं गाव ज्याला वेडा समजतं त्यालाही ताकद मिळते. तो खलनायक, पण त्याचं दुःख इतकं नीट दाखवलंय की त्याच्यावर फिदीफिदी हसवत नाही. गावात कराटे शिकवणारी ब्रूस ली बिजी आहे. ती शोभेची बाहुली नाही, नायकाच्या बरोबरीनं उभी राहते.

दुसरा 'मर्द को दर्द नहीं होता' (2018). एक पाय नसलेला कराटे मास्तर कुबडी घेऊन लढतो आणि त्याची कीव कुणी करत नाही. नायिका राधिका मदान मार द्यायला कुणाची वाट बघत नाही. मास्तर आणि त्याचा खलनायक भाऊ, दोन्ही गुलशन देवय्या, आपल्या बेंगळुरूचा गडी. मधे जरा रेंगाळतो, लहान पोरं चुळबुळ करतील.

निपाणीची_सून: 'चेन्नई एक्स्प्रेस' (2013) कुणी कसा सुचवला नाही? तमिळ संवाद तसेच ठेवलेत. शाहरूखला काही कळत नाही, म्हणजे हसू त्याच्यावरच.

खानापूरकर: अर्धं पटलं वहिनी. पण दीपिकाच्या तोंडी जे तमिळ वळणाचं हिंदी दिलंय त्यावरही तेवढंच हसवलंय. शहापूरच्या ताईंच्या घरात हाच तर अडसर.

गल्लीतला_पंच: मग 'सिंघम' लावा. मराठी फौजदार, रुबाबात.

निपाणीची_सून: पंच, जाऊच्या माहेरच्यांसमोर सिंघम? 2011 साली त्यातल्या कर्नाटक सीमेवरून माणसं आणण्याच्या संवादावरून इकडं आंदोलनं झाली, संवाद काढावा लागला होता. गंमत म्हणजे खलनायक प्रकाश राज स्वतः बेंगळुरूचा.

गल्लीतला_पंच: गच्चीवर सीमाप्रश्न नको. माघार!

मळ्यातला: इंग्रजी चालत असेल तर 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' (2022). अमेरिकेत लाँड्री चालवणारी चिनी बाई घर, हिशेब, मारामारी सगळं एकटी ओढते. मिशेल योला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण पोरं झोपल्यावर, आणि थोरल्यांनाही काही प्रसंग अवघड जातील.

शहापूरवाली: मिन्नल मुरली पक्का. कन्नड आवाज लावला तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही समजतं, पोरांना हिंदी पाहिजे असंल तर काय करू?

खानापूरकर: आवाज कन्नड ठेवा, पोरं मारामारीच बघतात. अडीच तासांच्या वर आहे, जेवणं आधी उरका.