तिशीनंतरची मुरमं : गोळी घ्यावी की थांबावं?

सागरवेल (रत्नागिरी) : वय ३२. सहा वर्षं झाली, हनुवटीवर नि जबड्याच्या कडेला मुरमं येतात. पाळीच्या आधी तर ठणकतात. एक बसतंय तोवर दुसरं, मागे काळा डाग. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनची गोळी लिहून दिलीय. सासूबाई म्हणतात, आंबे नि मासे बंद कर, हळद लाव. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. घेऊ का गोळी?

खाडीकाठ (चिपळूण) : घ्या. मी ३४व्या वर्षी सहा महिने घेतली. ओठ इतके फुटायचे की रात्री तूप लावून झोपायचे. यकृताची नि चरबीची रक्ततपासणी करावी लागली. पण त्याआधी दहा वर्षं नुसत्या मलमांत घालवली, त्यात गालावर खड्डे पडले ते पडलेच. मुरूम बरं होतं हो, खड्डा बुजत नाही.

रातांबा (कुडाळ) : मी ठाम विरोधात. औषधाच्या दुकानात काम करते, म्हणून कळकळीने लिहितेय. या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. सुरू करण्याआधी एक महिना, गोळी चालू असेतोवर आणि बंद केल्यावर आणखी एक महिना गर्भनिरोधन चुकवून चालत नाही. शिवाय जबड्यावर, पाळीच्या आधी, म्हणजे हार्मोन्सचा संशय आधी घ्यायला हवा. पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर राठ केस? तसं असेल तर पीसीओएसची (बीजांडकोश नि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करा. तोवर अझेलाइक अ‍ॅसिड, २.५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड ही लावायची मलमं आहेत. दोन्ही गरोदरपणातही डॉक्टर देतात. (पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे पांढरे पडतात, जुने वापरा.) फरक दिसायला ८ ते १२ आठवडे द्या.

खाडीकाठ : धीर धरूनच माझा चेहरा गेला, ताई. सहा महिने गोळी, एक महिना थांबायचं. पुढच्या वर्षीचा बेत कुठे मोडतो?

रातांबा : कोर्स वजनावर नि डोसवर ठरतो, लांबतोही. आणि मूळ हार्मोन्समध्ये असेल तर गोळी संपल्यावर मुरमं परत येऊ शकतात. मग सगळं सोसून मिळवलं काय?

दर्यावर (मालवण) : तुमच्या वादात एक राहतंय. माझ्या बहिणीने दुकानातून चिठ्ठीशिवाय 'गोरं करणारं' मलम आणलं. पंधरा दिवसांत चेहरा लख्ख. बंद केलं तशी आग, लाली, दुप्पट मुरमं. त्यात स्टिरॉइड होतं! ते मात्र कोणी सांगितलं तरी नको. खोबरेलही चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. आपल्या दमट हवेत तर नकोच. आणि बांगड्यावर आळ घेऊ नका. अभ्यासांत संबंध दिसतो तो जास्त साखरेच्या खाण्याशी नि दुधाशी.

सागरवेल : माझी पाळी ४०-४५ दिवसांनी येते. डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, मग रिपोर्ट घेऊन पुन्हा स्किनच्या डॉक्टरांकडे. तोवर पाकीट फोडत नाही. पण खाडीकाठताई, खड्ड्यांचं तुमचं मनात राहिलंय. तीन महिन्यांत उतार नाही पडला तर बाळाचं पुढे ढकलून गोळीचा विचार करेन.

रातांबा : हे पटलं.

खाडीकाठ : मला अर्धंच पटलं. तीन म्हणजे तीनच महिने हं. आजच खिडकीपाशी उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आरशात रोज बघून फरक कळत नाही.