लॉग बर्नर बसवायचाय: खर्च किती, सर्टिफिकेट कोणाचं?

मीनल: श्रीदादा, वहिनी, एक विचारायचंय. हॉलमधल्या जुन्या फायरप्लेसमध्ये लॉग बर्नर, म्हणजे लाकडं जाळायची बंद शेगडी, बसवायचाय. दोन कोटेशन आलीत, एक ३,४०० पौंडांचं आणि एक २,१०० चं. शेगडी दोघांची तीच, ५ किलोवॅटची. स्वस्तवाला म्हणतो, काम नियमाप्रमाणे झाल्याच्या सर्टिफिकेटचं कौन्सिलकडे तुमचं तुम्ही बघा. एवढा फरक कसला?

श्रीदादा: दोन्हींत लायनर, म्हणजे चिमणीच्या आतली धुराची नळी, धरलाय का ते बघ आधी.

मीनल: पहिल्यात आहे, ३१६ ग्रेड लिहिलंय. दुसऱ्यात नुसतं 'फिटिंग'.

श्रीदादा: मग झालं तर! अगं, निम्म्याहून जास्त पैसे धुराड्यातच जातात. चिमणीत वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर, खाली चिमणीचं तोंड बंद करणारी रजिस्टर प्लेट, वर काउल म्हणजे टोपी, शेगडीखाली हार्थ म्हणजे न जळणारी लादी. छपरावर चढायला स्कॅफोल्डिंग लागलं तर त्याचं बिल वेगळं. नुसती लाकडं जाळणार असाल तर ३१६ ग्रेडचं स्टील चालेल, स्मोकलेस कोळसाही जाळायचा असेल तर ९०४ घे.

वहिनी: आणि २० टक्के व्हॅट धरलाय का तेही विचार. काही जण शेवटच्या बिलात हळूच लावतात.

नानाकाका: आम्ही तीन विटा मांडून चूल पेटवायचो. तिला कुठलं आलंय सर्टिफिकेट 😀

वहिनी: नाना, तुमच्या चुलीचा धूर कौलांतून निघून जायचा. इथे घर चारी बाजूंनी बंद, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

मीनल: पण सर्टिफिकेट नंतर घेतलं तर चालत नाही का?

श्रीदादा: इंग्लंडमध्ये दोनच सरळ रस्ते. शेगड्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या हेटाससारख्या योजनेतला माणूस काम करतो, स्वतःच प्रमाणित करतो आणि कौन्सिलला कळवतो. तुला घरबसल्या कागद मिळतो. नाहीतर काम सुरू व्हायच्या आधी बांधकाम तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलला कळवायचं, त्यांची फी भरायची, ते येऊन तपासतात. म्हणजे दुसरा माणूस चोर आहे असं नाही, पण त्याच्या २,१०० मध्ये ही फी आणि लायनर मिळवून बघ.

वहिनी: नंतर रेग्युलरायझेशन, म्हणजे झालेल्या कामाला मागाहून मंजुरी, करता येतं, पण झाकलेलं काम उघडून दाखवा म्हणू शकतात. आमच्या शेजाऱ्यांचं घर विकताना खरेदीदाराच्या सॉलिसिटरने नेमका हाच कागद मागितला. आठवडेच्या आठवडे अडकलं प्रकरण.

मीनल: बापरे. आणि भिंतीला भोक पाडावं लागेल का? हवेसाठी?

श्रीदादा: जुन्या घरात ५ किलोवॅटपर्यंत सहसा लागत नाही, त्याच्या वर गेलीस की कायमचा व्हेंट हवाच. नवीन, हवाबंद घरात ५ लाही लागतो. तुझं घर जुनं आहे, तरी सर्व्हेला आलेल्या माणसाकडून लेखी घे. मोठी शेगडी घेण्याच्या फंदात पडू नकोस. मंद जाळत ठेवलीस की काच काळी आणि लायनरमध्ये डांबर.

वहिनी: तुमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुरावर बंधन असलेल्या भागात, येतो का ते कौन्सिलच्या साइटवर बघ. येत असेल तर डेफ्रा एग्झेम्प्ट, म्हणजे अशा भागात लाकडं जाळायला सरकारच्या पर्यावरण खात्याची सूट असलेली शेगडीच घे. दुकानदार 'इकोडिझाइन आहे ना मॅडम' म्हणून गप्प करतात. ते प्रदूषणाचं मानक २०२२ पासून सगळ्याच नव्या शेगड्यांना लागू आहे, एग्झेम्प्ट असणं वेगळं. धुराड्यातून धूर दिसला तर ३०० पौंडांपर्यंत दंड.

श्रीदादा: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत, शेगडीपासून १ ते ३ मीटरवर. तो नियमातच आहे, कोटेशनमध्ये दिसला पाहिजे. लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी.

नानाकाका: आणि धुराडं कोण साफ करणार?

श्रीदादा: स्वीप येतो नाना, वर्षातून एकदा तरी. त्याचीही पावती जपून ठेवायची, इन्शुरन्सवाले मागतात.

मीनल: मग पहिल्यालाच सांगते. स्कॅफोल्डिंग आणि व्हॅट धरलाय का ते विचारते आधी.

श्रीदादा: त्याचा हेटास नंबरही माग, त्यांच्या साइटवर टाकून बघ. ॲडव्हान्स त्यानंतर.